मूलपेशी उपचार: सल्ला मिळाल्यापासून निर्णयापर्यंतच्या पायऱ्या

घरातल्या कोणाला रक्ताचा गंभीर आजार झाला, मूल वयाच्या मानाने उशिरा बोलू लागले, वडिलांना पार्किन्सनचे निदान झाले किंवा आईचे गुडघे चालू देईनासे झाले, की हल्ली कोणी ना कोणी ‘स्टेम सेल’ उपचार करून पाहण्याचा सल्ला देतेच. यांपैकी पहिल्या प्रसंगी तो सल्ला जीव वाचवणारा असू शकतो, दुसऱ्या प्रसंगी तो कुटुंबाचे पैसे आणि मुलाच्या वाढीची मोलाची वर्षे वाया घालवू शकतो, तर पार्किन्सनच्या बाबतीत संशोधन खरोखरच पुढे सरकले असले तरी नेहमीच्या रुग्णालयात जाऊन घेता येईल असा उपचार अजून हाती आलेला नाही. इतक्या वेगवेगळ्या परिस्थितींना एकच नाव लागल्यामुळे नव्याने माहिती घेणाऱ्याची दिशाभूल होते आणि ती करणारेही थोडे नाहीत. म्हणून या लेखात ‘मूलपेशी उपचार चांगला की वाईट’ असा सरसकट प्रश्न घेतलेला नाही. पेशी कोणती, आजार कोणता आणि पुरावा कोणत्या टप्प्यावर आहे, हे तीन प्रश्न क्रमाने सोडवत निर्णयापर्यंत कसे यावे, ते येथे सांगितले आहे.

पहिली पायरी: पेशी कोणती, हे आधी नक्की करावे

शरीरातील बहुतेक पेशींचे काम ठरून गेलेले असते. हृदयाच्या स्नायूची पेशी आकुंचन पावते, तांबडी रक्तपेशी प्राणवायू वाहून नेते, आणि या पेशी दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनत नाहीत. मूलपेशीला मात्र दोन गोष्टी साधतात: विभाजनातून स्वतःसारख्या नव्या मूलपेशी निर्माण करणे आणि विशिष्ट काम करणाऱ्या पेशी घडवणे. टोरांटो येथील जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलक यांनी १९६१ मध्ये, किरणोत्साराने अस्थिमज्जा नष्ट केलेल्या उंदरांना निरोगी मज्जेच्या पेशी टोचल्या, तेव्हा त्या उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी उमटल्या. त्यांतील प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली आहे, हे पुढच्या प्रयोगांत दिसून आले. रक्त घडवणाऱ्या मूलपेशीचा प्रायोगिक पुरावा असा मिळाला.

व्यवहारात आपल्या कानावर येणाऱ्या मूलपेशी मुख्यतः चार प्रकारच्या असतात. पहिला प्रकार ऊतींमधील मूलपेशींचा. अस्थिमज्जा, त्वचा आणि डोळ्याच्या कॉर्नियाची कड येथे त्या असतात आणि सामान्यतः आपापल्या ऊतीचीच दुरुस्ती करतात. दुसरा प्रकार भ्रूणपेशींचा. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतून त्या वेगळ्या केल्या; त्यांच्यापासून शरीरातील जवळजवळ कोणतीही पेशी घडू शकते. भ्रूण वापरावा लागत असल्याने या संशोधनावर जगभर नैतिक वाद झाला. त्या वादाला वेगळे वळण मिळाले ते क्योटो विद्यापीठातील शिन्या यामानाका यांच्या कामामुळे. उंदराच्या त्वचेतील पेशींमध्ये केवळ चार जनुके घालून त्यांनी २००६ मध्ये त्या पेशींना भ्रूणपेशींसारखी अवस्था परत मिळवून दिली, आणि पुढच्याच वर्षी मानवी पेशींवरही ते साधले. या तिसऱ्या प्रकारच्या पेशींना आयपीएस पेशी म्हणतात. यामानाका यांना २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

चौथ्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे, कारण खासगी दवाखान्यांतून विकली जाणारी बहुतेक इंजेक्शने याच प्रकारात मोडतात. मज्जा, पोटावरची चरबी किंवा गर्भनाळ यांतून मिळणाऱ्या या मेसेंकायमल पेशी प्रयोगशाळेत हाड, कूर्चा आणि चरबी बनवू शकतात. परंतु शिरेतून टोचल्यावर त्या मेंदूत जाऊन चेतापेशी बनतात, किंवा निकामी मूत्रपिंडात जाऊन नवे मूत्रपिंड उभे करतात, असे सिद्ध झालेले नाही. टोचलेल्या बहुसंख्य पेशी फार काळ टिकत नाहीत. त्यांचा जो काही परिणाम दिसतो तो मुख्यतः त्यांनी सोडलेल्या रासायनिक संदेशांमुळे दिसतो. त्यांना औषध म्हणून स्थान मुळीच नाही असे नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये, प्रत्यारोपणानंतर उद्भवणाऱ्या आणि स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या एका गुंतागुंतीवर, केवळ मुलांसाठी, अशा पेशींच्या एका औषधाला मान्यता दिली. परवानगी किती नेमक्या आजारापुरती असते, हे यावरून कळावे.

आणखी एक घोटाळा येथेच निस्तरून घ्यावा. गुडघ्यात किंवा केस गळणाऱ्या टाळूवर टोचले जाणारे पीआरपी म्हणजे रुग्णाच्याच रक्तातील बिंबाणूंचा (प्लेटलेट्सचा) दाट द्रव असतो. बिंबाणूंमध्ये केंद्रक नसते, त्यांचे विभाजन होत नाही आणि त्या मूलपेशी नव्हेत. पीआरपीला स्टेम सेल म्हणून पैसे आकारले जात असतील, तर तेथून निघून यावे.

दुसरी पायरी: आजाराचे नाव आणि त्यावरचा सिद्ध उपचार ताडून पाहावा

सर्वांत भक्कम पुरावा रक्ताच्या आजारांबाबत आहे. ज्याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो तोच मूलपेशींचा सर्वांत जुना आणि सर्वाधिक पारखलेला उपचार होय. त्याचा पाया घालणारे अमेरिकी डॉक्टर डॉनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात असे प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये प्रथम यशस्वी केले. आज रक्ताचे काही कर्करोग, लिम्फोमा, मल्टिपल मायलोमा, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आणि जन्मजात प्रतिकारशक्तीचा अभाव यांसाठी तो मान्य उपचार आहे. प्रत्येक रुग्णाला तो लागू पडतोच असे मात्र नाही; अनेक ल्युकेमिया केवळ औषधांनी आटोक्यात येतात.

प्रत्यारोपणाचा सल्ला मिळालेल्या कुटुंबाने पुढचा क्रम समजून घ्यावा. प्रथम रुग्णाची आणि सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी होते. पेशींवरील या ओळखखुणांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून येत असल्यामुळे प्रत्येक सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता २५ टक्के असते. भावंड जुळले नाही तर असंबंधित दात्यांच्या नोंदवहीत शोध घेतला जातो, किंवा आई-वडील वा अपत्य यांच्याकडून अर्ध्या जुळणीचे प्रत्यारोपण करण्याचा विचार होतो. मायलोमासारख्या आजारात दाता लागत नाही. रुग्णाच्याच मूलपेशी आधी काढून गोठवतात आणि तीव्र केमोथेरपीनंतर परत देतात.

दाता ठरल्यावर रुग्णाला तीव्र केमोथेरपी, आणि कधी कधी किरणोपचारही, देऊन त्याची आजारी मज्जा निष्प्रभ केली जाते. प्रत्यक्ष प्रत्यारोपणात शस्त्रक्रिया नसते. दात्याच्या पेशी रक्त चढवावे तशा शिरेतून दिल्या जातात, आणि त्या आपण होऊन हाडांच्या पोकळीत जाऊन स्थिरावतात. कठीण काळ त्यानंतर सुरू होतो. नव्या मज्जेतून पुरेशा पांढऱ्या पेशी तयार होईपर्यंत साधारण दोन ते चार आठवडे जातात आणि त्या काळात साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. पुढे दात्याच्या पेशींनीच रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यावर किंवा यकृतावर हल्ला करण्याची शक्यता असते. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कित्येक महिने चालू राहतात आणि रुग्णालयापासून जवळच राहण्यास सांगितले जाते. नोकरीतील रजा, सोबत राहणारी व्यक्ती, राहण्याची जागा आणि स्वच्छ स्वयंपाक यांची व्यवस्था प्रत्यारोपणाची तारीख ठरण्यापूर्वीच करावी. खर्चाची चौकशी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांकडे पहिल्याच भेटीत करावी. थॅलेसेमियाग्रस्त मुलांसाठी कोल इंडियाच्या सामाजिक दायित्व निधीतून प्रत्यारोपणाला १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना २०१७ पासून आहे. तिचे निकष आणि संलग्न रुग्णालये बदलत असल्याने चालू माहिती तेथेच विचारावी.

सिकलसेलच्या बाबतीत थोडे अधिक सांगायला हवे, कारण गडचिरोली, चंद्रपूर आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांना हा आजार पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच रक्ताच्या मूलपेशी काढून, क्रिस्पर तंत्राने त्यांच्या जनुकात नेमका बदल करून, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होईल अशी व्यवस्था केली जाते आणि त्या पेशी परत दिल्या जातात. दात्याची गरजच उरत नाही. मात्र अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. धडगाव किंवा एटापल्लीच्या रुग्णाला या शोधाचा आज उपयोग नाही, याचे दुःख वाटते. त्याच्यासाठी आजही नियमित तपासणी, हायड्रॉक्सियुरिया हे औषध आणि, योग्य भावंड-दाता असल्यास, प्रत्यारोपणाची चौकशी हाच मार्ग आहे.

रक्ताखेरीज पुनर्निर्माण वैद्यकाने, म्हणजे रीजनरेटिव्ह मेडिसिनने, खरे यश मिळवले ते डोळा आणि त्वचा या दोन ठिकाणी. कॉर्नियाच्या कडेवरील मूलपेशी रसायनाने जळाल्या की बुबुळावर पांढुरका पडदा चढतो आणि दृष्टी जाते. तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याची पुडी डोळ्यात फुटल्याने लहान मुलांना अशी इजा झाल्याची उदाहरणे आपल्या देशात आहेत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंद्र संगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यावर एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. दुसऱ्या, निरोगी डोळ्याच्या कडेवरून सुमारे २ मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि जखमी डोळ्यावर गर्भवेष्टनाच्या पातळ पापुद्र्यावर ते चिकटवायचे. पेशी वाढवण्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. माझ्या मते मूलपेशींच्या क्षेत्रात भारताने जगाला दिलेली ही फार मोलाची देणगी आहे. त्वचेच्या बाबतीत २०१५ मध्ये जर्मनीतील बोखुम येथे, जनुकीय दोषामुळे त्वचा सोलवटून निघालेल्या एका सात वर्षांच्या मुलाच्या अंगावर, इटलीतील मोदेना येथे वाढवलेली आणि दोष दुरुस्त केलेली त्याचीच त्वचा बसवण्यात आली. शरीराचा जवळजवळ ८० टक्के भाग तिने झाकला गेला.

तिसरी पायरी: सिद्ध नसेल, तर संशोधन कोठवर आले आहे ते पाहावे

आजार वरील यादीत नसेल तर निराश होण्याचे कारण नाही, पण भाषा बदलावी लागेल: आता आपण उपचाराविषयी नव्हे, तर चाचणीविषयी बोलत आहोत. पहिल्या टप्प्यात मुख्यतः सुरक्षितता, दुसऱ्यात मात्रा आणि परिणामाची चिन्हे, तर तिसऱ्यात अधिक रुग्णांमध्ये प्रचलित उपचाराशी तुलना पाहिली जाते. जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पहिल्या प्रकारच्या तीव्र मधुमेहाच्या १२ रुग्णांना, मूलपेशींपासून घडवलेल्या इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींची पूर्ण मात्रा दिली गेली, आणि वर्षभरानंतर त्यांपैकी १० जणांना बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागत नव्हते. मात्र त्या सर्वांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, आणि १२ ही संख्या लहान आहे. पार्किन्सनसाठी डोपामिन बनवणाऱ्या पेशी मेंदूत रोवण्याच्या जपान व अमेरिकेतील दोन चाचण्यांचे निष्कर्षही एप्रिल २०२५ मध्ये आले. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते दिलासा देणारे असले तरी त्या प्राथमिक टप्प्यातील होत्या.

भारतात कोणती चाचणी चालू आहे, हे सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत कोणालाही विनामूल्य पाहता येते. जून २००९ पासून चाचणीची तेथे नोंद करणे बंधनकारक आहे. रुग्णालयाने चाचणीचा उल्लेख केला तर नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि घरी आल्यावर नोंद उघडून चार गोष्टी वाचाव्यात: नैतिक समितीची मान्यता, केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी, नेमका आजार आणि वयोगट, आणि चाचणी अजून रुग्ण घेत आहे की नाही. आपल्या रुग्णाला होणाऱ्या उपचाराचा तपशील नोंदीशी जुळत नसेल, तर तो क्रमांक केवळ दाखवण्यापुरता आहे असे समजावे.

नोंद असणे म्हणजे खात्री मिळणे नव्हे, हे अमेरिकेतील एका प्रकरणाने दाखवून दिले. फ्लोरिडातील एका दवाखान्यात २०१५ मध्ये, वयोमानाने दृष्टिपटल झिजलेल्या तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी एकाच वेळी टोचण्यात आल्या आणि तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली. त्या दवाखान्याच्या अभ्यासाची सरकारी नोंदवहीत नोंद होती, परंतु प्रत्येकीकडून ५,००० डॉलर घेतले गेले होते.

चौथी पायरी: डॉक्टरांसमोर बसून विचारायचे प्रश्न

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांचे सार रुग्णाने पाठच करावे: रक्ताच्या मान्य आजारांतील प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा रुग्णावरील वापर हा संशोधनाचा भाग मानला जातो, तो मंजूर चाचणीतच व्हावा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. औषध नियंत्रकांनी स्वतंत्र मान्यता दिलेली मोजकी उत्पादने याला अपवाद आहेत. उदाहरणार्थ, तंबाखूशी निगडित बर्जर रोगात पायाचा रक्तपुरवठा तुटतो, त्यासाठी बेंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीच्या उत्पादनाला २०१६ मध्ये मर्यादित परवानगी मिळाली. म्हणून पहिला प्रश्न असा असावा: ‘डॉक्टरसाहेब, माझ्या आजारासाठी या उत्पादनाला औषध नियंत्रकांची मान्यता आहे का, आणि नसेल तर ही नोंदणीकृत चाचणी आहे का?’ दोन्हींची उत्तरे नाही अशी असतील तर पुढचे प्रश्न विचारण्याची गरज नाही.

उत्तर होकारार्थी असेल तर पेशी कोणाच्या, कोठे वाढवलेल्या, शरीरात कोणत्या मार्गाने देणार, दुष्परिणाम झाल्यास खर्च व भरपाई कोण देणार आणि किती वर्षे पाठपुरावा होणार, हे लेखी घ्यावे. संमतिपत्र मराठीत मागावे, घरी आणून वाचावे आणि त्या संस्थेशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाला दाखवावे. एकच इंजेक्शन मधुमेह, मणक्याची इजा, सेरेब्रल पाल्सी आणि स्वमग्नता (ऑटिझम) या सर्वांवर चालते असे सांगणे, पुराव्याऐवजी बऱ्या झालेल्या रुग्णांच्या चित्रफिती दाखवणे, ‘आपल्याच पेशी असल्याने धोका शून्य’ असे आश्वासन देणे, आजच आगाऊ रक्कम भरल्यास सवलत देणे: यांतले काहीही आढळले तर थांबावे. धोका शून्य कधीच नसतो. अटॅक्सिया-टेलॅन्जिएक्टेशिया या आजाराच्या एका इस्रायली मुलाला मॉस्कोत गर्भातील चेता-मूलपेशी टोचल्यावर काही वर्षांनी मेंदूत व मणक्यात गाठी आढळल्या, आणि तपासलेल्या गाठीतील पेशी दात्यांच्या होत्या, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्वमग्न मुलांच्या पालकांना मला वेगळी आणि कळकळीची विनंती करायची आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. अशा इंजेक्शनांसाठी दागिने मोडण्यापेक्षा तीच रक्कम वाचा-उपचार, व्यवसायोपचार आणि घराजवळची चांगली शाळा यांवर खर्च करावी. मुलासाठी काहीच न करणे आणि इंजेक्शन देणे, असे दोनच पर्याय आपल्यापुढे आहेत असे कोणालाही भासवू देऊ नये.

गरोदरपणात गर्भनाळेच्या रक्ताची विचारणा झाली तर

पॅरिसमध्ये १९८८ साली एलियान ग्लुकमान यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या एका मुलावर गर्भनाळेतील रक्ताचे पहिले प्रत्यारोपण केले, आणि असे रक्त पैसे घेऊन साठवणाऱ्या खासगी पेढ्यांच्या जाहिरातींचा सगळा डोलारा त्या यशावर उभा आहे. त्या मुलाला मिळालेले रक्त मात्र त्याच्या नवजात बहिणीचे होते, त्याचे स्वतःचे नव्हे. जनुकीय आजार असलेल्या बाळाच्या नाळेतील रक्तातही तोच दोष असतो, म्हणून थॅलेसेमिया झाल्यास स्वतःचे साठवलेले रक्त त्या बाळाच्या कामी येत नाही. पहिल्या २० वर्षांत स्वतःचेच रक्त वापरावे लागण्याची शक्यता ०.०४ ते ०.०००५ टक्के, म्हणजे फार तर अडीच हजारांत एक, इतकी कमी धरली जाते. आयसीएमआर आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना या दोघांनीही सरसकट खासगी साठवणुकीची शिफारस केलेली नाही. मोठ्या भावंडाला प्रत्यारोपणाने बरा होण्याजोगा आजार असेल तर मात्र प्रसूतीपूर्वीच रक्तविकारतज्ज्ञांशी बोलून या बाळाचे रक्त जरूर जपावे. इतरांनी हप्त्यांचा करार न करणेच योग्य.

दाता म्हणून नाव नोंदवायचे असेल तर

घरात कोणी आजारी नसतानाही या विषयात प्रत्यक्ष काही करता येते. एचएलए जुळणी बहुधा आपल्याच लोकसमूहात मिळते. त्यामुळे भारतीय रुग्णाला युरोपातील मोठ्या नोंदवह्यांचा फारसा आधार मिळत नाही. चेन्नईची दात्री, बेंगळुरूची डीकेएमएस अशा संस्था साधारण १८ ते ५० वयोगटातील निरोगी व्यक्तींची नोंदणी करतात. वयोमर्यादा संस्थेनुसार थोडी बदलते. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी तरुणांनी तेथील नोंदवहीत नाव घालावे, कारण तेथे दक्षिण आशियाई दात्यांची मोठी उणीव आहे.

नोंदणीसाठी गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेतात. रक्तही काढावे लागत नाही. पुढे कधी जुळणी झाली तर संपूर्ण तपासणी होते, सुमारे पाच दिवस मूलपेशी रक्तात आणणारी इंजेक्शने दिली जातात, आणि मग एका हातातून रक्त घेऊन यंत्राने मूलपेशी वेगळ्या करून उरलेले रक्त परत दिले जाते. यास काही तास लागतात. इंजेक्शनांच्या दिवसांत अंग व हाडे दुखतात, तो त्रास पुढे लवकरच ओसरतो. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा घ्यावी लागते. मणक्याला त्यात हात लावला जात नाही. खर्च दात्यावर पडत नाही.

नाव देण्यापूर्वी घरच्यांशी नीट बोलून घ्यावे. रुग्णाची मज्जा नष्ट करणारी केमोथेरपी सुरू झाल्यावर दात्याने माघार घेतली तर रुग्णाचे प्राण जाऊ शकतात. ज्याला शंका असेल त्याने ती नोंदणीच्या वेळी, किंवा उशिरात उशिरा जुळणीचा पहिला फोन येताच, मोकळेपणाने सांगावी. आणि पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक बदलला की संस्थेला त्याच आठवड्यात कळवावे.